दोन्ही बाह्यांचं माप

६ जानेवारी

ही डायरी दोरेवाल्या कंपनीने सुपरवायझरला दिली होती, त्याने ती माझ्या मशीनवर टाकली. म्हणाला, "बाप झालास. लिही काहीतरी." सातवीत शाळा सोडली तेव्हापासून मी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण कोरी पानं बघून हात शिवशिवला.

परवा गावी मुलगा झाला. सव्वाचार किलोचा! उचलताच नर्स म्हणाली, "हा तर ढब्बू आहे," आणि घरात तेच नाव पडलं. बाळंतपण जड गेलं म्हणे. डोकं आलं आणि खांदा अडकला. दोन मिनिटं तसाच होता, असं बायको सांगत होती. मग सुटला.

फोटो आला आहे. डावी मूठ गालापाशी, कुणाशी तरी भांडायच्या तयारीत. उजवा हात सरळ पडलेला, तळवा मागे वळलेला. मागे उभ्या असलेल्या माणसाकडून गुपचूप काही घेतोय असा. झोपेत असेल.

९ जानेवारी

झोपेत नव्हता. हात हलतच नाही.

बायकोने आज सांगितलं. चार दिवस थांबली होती, आपोआप हलेल म्हणून. खांदा अडकला तेव्हा मान एका बाजूला ताणली गेली. मानेतून हाताकडे ज्या नसा जातात त्या ओढल्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच बाळांचं काही महिन्यांत भरून येतं. काहींचं येत नाही. आपलं बाळ कुठल्यातलं, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

सध्या तीन आठवडे हात हलवायचा नाही, झबल्याची बाही पिनेने छातीला लावून ठेवायची.

मी विचारलं, "आणि नाही भरून आलं तर?"

"तर हात बारीक राहतो. वाढतो, पण दुसऱ्याइतका नाही." एवढं म्हणून तिने फोन माझ्या आईकडे दिला.

आता मी काय काम करतो ते लिहितो, म्हणजे मला काय वाटतंय ते कळेल. शर्टांच्या कारखान्यात मी बाह्या लावतो. आमच्या लाइनीत एक माणूस एकच तुकडा शिवतो. मी उजवी बाही, शेजारचा डावी. नावाने कुणी हाक मारत नाही. मी उजवा, तो डावा. दिवसाला चारशे उजव्या बाह्या माझ्या हाताखालून जातात. आज प्रत्येक बाही लावताना वाटत होतं, यामुळेच तर नाही ना पोराचा उजवा गेला?

१० जानेवारी

सुपरवायझरला म्हटलं, मला डावी बाही द्या. कारण सांगितल्यावर तो हसला नाही. डावाच हसला. "अरे, माझी पोरगी दोन्ही हातांनी मारते मला. ती कुठल्या बाहीची करणी?" दुपारी माझं तोंड बघून त्यानेच माझ्याशी जागा बदलली. संध्याकाळपर्यंत माझे अकरा शर्ट परत आले. हाताला उलटी सवय नाही. उद्यापासून पुन्हा उजवी.

३ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले. आता डॉक्टर म्हणतात, हात हलवा! व्यायामाच्या बाईंनी बायकोला शिकवलं. लंगोट बदलताना दर वेळी बाळाचा खांदा धरायचा, हात वर न्यायचा, बाहेर वळवायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. आईने वेगळा फोन करून सांगितलं, "हात वळवला की पोर काळंनिळं होऊन रडतं रे. माझ्याच्याने बघवत नाही."

हे लोक आधी म्हणतात हलवू नका, मग म्हणतात हलवा. माझे वडील शिडीवरून पडले होते तेव्हा सहा आठवडे हात गळ्यात बांधला होता आणि ठणठणीत झाला. दुखऱ्या अंगाला आराम लागतो, हे कुणीही सांगेल. तुटत आलेला दोरा कुणी ओढून बघतं का?

बायकोला सांगितलं, "व्यायाम बंद. हात पूर्वीसारखा छातीला बांधून ठेव. मी बाप आहे त्याचा."

ती म्हणाली, "बरं."

२० फेब्रुवारी

मला काहीतरी करायला हवं होतं. बसून राहणं मला जमत नाही. पाच वर्षांत तीन कारखाने त्यातूनच बदलले. म्हणून बायकोला फोनवर माप घ्यायला शिकवलं. खांद्याच्या हाडापासून कोपरावरून मनगटापर्यंत, टेप ताणायची नाही, दोन्ही हात, महिन्यातून दोनदा. पहिलं माप आज जेवणाच्या सुट्टीत आलं.

डावा १७. उजवा साडेसोळा.

आमच्याकडे दोन बाह्यांत अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत फरक चालतो. त्यापुढे गेला की तयार शर्ट तपासणारी चेकर मावशी शर्टावर लाल खडूने फुली मारते. म्हणजे ढब्बू अगदी कडेवर उभा आहे. हेच डोक्यात घेऊन मशीनवर बसलो आणि सुई बोटातून आरपार गेली. नखासकट. डाव्याने चाक उलटं फिरवून बोट सोडवलं. मी ओरडलो नाही म्हणे. बायकोला फोन लावून मात्र खूप ओरडलो. कशावर ओरडलो ते आठवत नाही.

८ मार्च

डावा साडेसतरा, उजवा साडेसतरा! फरक भरून निघाला! बघा, आरामच हवा होता. डाव्याला चहा पाजला. तो म्हणाला, "डॉक्टरचा बोर्ड लाव मशीनवर."

सुपरवायझरने आपणहून विचारलं, "चार दिवस जाऊन येतोस का? लाइन सांभाळून घेतो." मी म्हटलं, आता सगळं ठीक आहे, पुढच्या महिन्यात बघू.

इथे खरं लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही. सगळं ठीक आहे म्हणून सुट्टी नाकारली, असं नाही. तो हात समोर बघायची हिंमत होत नाही. फोटोत बघून पटकन बोट पुढे सरकवता येतं.

३० मार्च

माप १८, १८. आईची तक्रार बंद झाली आहे. "रडवते" वगैरे काही म्हणत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सगळं व्यवस्थित चाललंय, तू जेवतोस ना वेळेवर?" बायकोने माझं ऐकलं तर.

१९ एप्रिल

आज सुट्टी. दुपारी गच्चीत बसून बराच वेळ फोनवर बघत होतो. ढब्बू हसायला लागला आहे. दात नाहीत, पण ऐट पूर्ण. उजवी बाजू दुपट्यात होती. "काढ की दुपटं," म्हटलं, तर बायको म्हणाली, "गार वारा आहे." तिच्या कपाळावर घाम होता. घाईत असेल.

मग तिने लंगोट बदलायला फोन बाजूला ठेवला, छत दिसत होतं. तिचा आवाज येत होता, एक, दोन, तीन, चार, असा दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. बाळाला आतापासून आकडे शिकवतेय! बापासारखं सातवीत अडकू नये म्हणून असेल. पण आकडे सुरू झाले की पोरगं भोकाड पसरतं. गणितात माझ्यावर गेलंय.

माप १९, १९.

११ मे

आज नसांच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. खांदा थोडा उचलतो. कोपर वाकत नाही. सहा महिन्यांपर्यंत हात तोंडाकडे नेता आला नाही तर ऑपरेशन. पायातली एक नस काढून मानेत जोडायची. हे फार काळ लांबवता येत नाही. नसेवाचून स्नायू नुसता बसून राहिला तर सुकतो, मग नस जोडूनही उपयोग नाही. पाच जुलैला पुन्हा बोलावलंय. आई-बाप दोघांच्या सह्या लागतील.

हातासाठी पाय कापणार. चार महिन्यांचं पोर. मी म्हटलं, "नाही. सही करणार नाही. मापं सारखी येतायत ना? मग कशाला?"

बायको म्हणाली, "बघू."

फोन ठेवला. सही करून काही वाकडं झालं तर मी केलं. नाही केली आणि हात सुकला तर तेही मीच केलं.

८ जून

कामात चुका होतायत. चेकर मावशीने आज लाइनीसमोर बोलावलं. पन्नाशी उलटलेली बाई, लाइनीच्या टोकाला टेबलाशी बसते. टेपचं टोक दातात धरून झपाझप बाह्या मोजते. तिची तऱ्हाच तशी. तीन शर्ट माझ्यापुढे टाकले.

"उजव्या, डोळे कुठे असतात तुझे? बाही चुन्या पाडून लावलीस, एका सेंटीमीटरने आखूड भरतेय. पाच जुलै, पाच जुलै काय पुटपुटतोस मशीनवर? लग्न आहे का कुणाचं?"

मला काय झालं कोण जाणे. तिथेच सगळं सांगून टाकलं. हात, नस, सही. आणि फोन काढून मापं दाखवली. "बघा, मार्चपासून दोन्ही सारखे. तरी कापायचं म्हणतात."

मावशीने चष्मा वर केला. एकेक माप बोटाने वाचलं. मग म्हणाली, "तुझ्या बायकोने एकच हात मोजलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे एक मोजला आणि दोनदा लिहिला. मी तीस वर्षं मापं तपासते. नवीन पोरी आळसाने हेच करतात, एक बाही मोजून दोन्हीकडे तोच आकडा. अरे, जिवंत मूल आहे ते, टेपेखाली वळवळणार. धडधाकट पोराचं माप घेतलं तरी दोन-चार रेषा इकडेतिकडे होतील. महिनोन्‌महिने इतकं सारखं कापडसुद्धा येत नाही."

तिने टेप खाली ठेवली आणि आपले दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर सरळ ठेवले. उजवा डाव्यापेक्षा चार बोटं मागेच संपला. मनगट लहान पोरीचं असावं तसं. उजव्या बाहीला आतून घडी घालून टाके मारलेले. म्हणून ती टेप दातात धरते. हा हात टेपचं टोक धरायला वर जातच नाही.

दोन वर्षं मी या बाईसमोर बसतोय. बाह्यांचा कारागीर मी.

"माझाही जन्मताना अडकला होता," ती म्हणाली. "हात लोंबत होता म्हणून आईने मायेने छातीशी बांधला. हलवला तर मोडेल म्हणाली. दीड वर्ष बांधला. खांदा आखडून बसला. पुढे एका डॉक्टरने सांगितलं, हाड वाढायला स्नायूची ओढ लागते. कुणी ओढलंच नाही, तर हाड कशासाठी लांब होईल?"

मी म्हटलं, "मी पण बांधायला सांगितलंय. फेब्रुवारीपासून."

मला वाटलं ती काही धीराचं बोलेल. ती म्हणाली, "मग मला काय सांगतोस? घरी फोन कर." आणि पुढचा शर्ट ओढला.

१० जून

फोन केला नाही. दोनदा नंबर काढला आणि बंद केला. जेवण जात नाही. चार महिने. पाच-सहा वेळा रोज, म्हणजे किती वेळा त्याचा हात वर गेला असता आणि गेला नाही, याचा हिशोब करायला बसलो आणि सोडून दिला. मी वडिलांच्या शिडीची गोष्ट सांगत होतो. वडील तेव्हा चाळीस वर्षांचे होते. त्यांचा हात वाढायचा राहिला नव्हता.

११ जून

आज चहाच्या सुट्टीत जिन्यावर बसून फोन केला. सरळ विचारलं, "उजव्या हाताचं खरं माप किती?"

"कुणी सांगितलं?"

"चेकर मावशीने. तू एकच हात मोजतेस."

"दोन्ही मोजते," ती म्हणाली. "तुम्हाला एकच सांगते. फेब्रुवारीत अर्ध्या सेंटीमीटरवर तुम्ही बोट शिवून घेतलंत. पुढचं सांगितलं असतं तर काय शिवून घेतलं असतंत? डावा वीस, उजवा एकोणीस. बास? आता ओरडा."

मी ओरडलो नाही. म्हटलं, "बांधलेला हात सोड. आजच. माझं चुकलं. व्यायाम सुरू कर, तो रडला तरी चालेल."

ती हसली की रडली, कळलं नाही. "अहो, हात बांधलाय कुणी?"

"मी सांगितलं होतं ना. तू बरं म्हणालीस."

"बरं म्हटलं म्हणजे ऐकलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? शिकवलं त्या दिवसापासून एक वेळ चुकवलेली नाही. आधी आई भांडल्या. मग एकदा माझ्यासोबत त्या व्यायामाच्या बाईंकडे आल्या आणि सगळं ऐकून घेतलं. आता त्याच खांदा धरतात, मी हात वळवते. मोजतो आम्ही मोठ्याने, म्हणजे मला मध्येच सोडता येत नाही."

एक, दोन, तीन, चार. मी समजत होतो आकडे शिकवतेय.

मला इतकं हलकं वाटलं की दोन पायऱ्या उगाच उतरून पुन्हा चढलो. मग ती म्हणाली, "इतकं करूनही एक सेंटीमीटर मागे आहे. कोपराचं तर मला कळतच नाही. कधी वाटतं वाकला. कधी वाटतं मला हवं आहे म्हणून दिसतंय. आई म्हणतात वाकतो, पण त्यांना चष्म्याशिवाय दिसतंय कुठे?" तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला सुट्टी मिळत नाही, की घ्यायची नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते दिलं नाही. म्हटलं, "पाच तारखेला येतो."

"सहीसाठी म्हणून येऊ नका. मला तिथे एकटीला उभं राहवणार नाही."

३ जुलै

सुपरवायझरने एका मिनिटात सुट्टी दिली. बसमध्ये लिहितोय, अक्षर नाचतंय. मावशीने निघताना बोलावून एक जुनी, मऊ पडलेली टेप दिली. "ताणलेली नाही, खरी आहे," म्हणाली. मी विचारलं, सही करू का? ती म्हणाली, "माझ्या वेळी असलं काही विचारायलाच कुणी आलं नाही. तुझ्याकडे विचारतायत."

सही करायची असं ठरवलंय. मग गाडी एखाद्या वळणावर कलते आणि ठरवलेलं सुटून जातं.

५ जुलै

सगळं जसं झालं तसं लिहितो.

काल पोचलो तेव्हा ढब्बूने मला बघून तोंड वाकडं केलं आणि आईच्या मानेत लपला. बरोबर आहे. मी उजवा हात बघितला. बारीक आहे. दंड माझ्या अंगठ्याएवढा वाटला. तळवा अजून थोडा मागेच वळतो. मी बोट पुढे केलं, त्याने धरलं. बोटांत जोर आहे. मी ते सोडवून घेतलं नाही.

आज डॉक्टरांची खोली. पांढरं टेबल, वर कागद अंथरलेला, तो ढब्बूच्या टाचांखाली करकरत होता. ऑपरेशनचे कागद बाजूला पेनासकट ठेवलेले. डॉक्टर मध्यम वयाचे, शांत. त्यांनी कोपर, खांदा, बोटं बघितली आणि एक पातळ रुमाल घेतला.

"याच्या चेहऱ्यावर टाकणार आहे. कुठल्याही बाळाला हे आवडत नाही. डावा हात मी धरून ठेवतो. उजव्याने काढतो का बघू. कुणी मदत करायची नाही."

रुमाल पडला. पोराचं तोंड दिसेनासं झालं. श्वासाने कापड आत-बाहेर व्हायला लागलं. मग पाय झाडायला लागला. डावा हात डॉक्टरांच्या मुठीत धडपडत होता, सुटायचं म्हणून. उजवा नुसता पडलेला. कागदावर, सरळ.

तो रडला. कापडाखालचं रडणं वेगळं असतं. मी नकळत पुढे झालो. बायकोने माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की आत्ताही वळ आहेत. "थांबा," म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. ओठ हलत होते. ती मोजत होती.

ती सातवर होती तेव्हा खांदा हलला. कोपर बाहेरच्या बाजूला उंच झाला, विचित्र, पंख उचलावा तसा. हात कागदावरून घासत वर आला, छातीवर थांबला. पडला. पुन्हा आला. कोपर वाकला. मी बघितला, चष्म्याशिवाय. बोटं हनुवटीपाशी चाचपडली, रुमालाच्या कडेला लागली, मुठीत आली. आणि हात परत खाली पडला, रुमाल घेऊन.

लालबुंद तोंड. आमच्यावर भयंकर चिडलेला.

डॉक्टरांनी डावा हात सोडला आणि ऑपरेशनचे कागद खणात टाकले. "आत्ता गरज नाही. नस जिवंत आहे, स्नायू ऐकायला लागलाय." मग लगेच म्हणाले, "पण ऐका. हा हात थोडा आखूड राहीलच. मोठा झाल्यावर किती, ते आज सांगता येणार नाही. पुढे खांद्याचं काही करावं लागेल, नाही लागणार, तेही नाही. वाढ संपेपर्यंत व्यायाम. दर सहा महिन्यांनी माप." आणि बायकोला म्हणाले, "हे तुम्ही केलंत. नस तिची ती भरत होती, पण खांदा आखडला असता तर हात वर आलाच नसता."

बायकोने मान हलवली. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून खाली बसली आणि मग रडली. मी ढब्बूला घेतलं होतं. तोही रडत होता. आमच्यात मी एकटाच उभा होतो, आणि भीती कुठेही गेली नव्हती. नुसती दूर सरकली होती, वीस वर्षांवर.

६ जुलै

सकाळी लंगोट बदलायची वेळ झाली. आई उठून खांदा धरायला आली, तर बायको म्हणाली, "आज यांना करू दे."

मी म्हटलं, "मला नको. मोडेल."

"हेच म्हणत होतात ना फेब्रुवारीत?"

तिने माझी बोटं धरून दाखवलं. इथे खांद्यामागचं हाड दाबून धरा. इथे कोपर. आता वर. त्याचा हात माझ्या मुठीत पूर्ण मावला. आत काहीतरी ओढून धरल्यासारखं लागलं आणि मी थांबलो. ती म्हणाली, "तिथेच थांबायचं नाही, तिथून थोडं पुढे. हळू." तो रडायला लागला. मी आईकडे बघितलं, आई खिडकीबाहेर बघत होती.

"मोजा," बायको म्हणाली.

मी चारपर्यंत पोचलो आणि ढब्बूचे डोळे माझ्यावर आले. पुढचा आकडा तोंडातून निघेना.

"रोज सहा वेळा," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की फोनवरून तुम्ही मोजायचं, मी धरीन. तेवढं तर लांबूनही होईल."

"बरं," म्हटलं.

"माझ्यासारखं बरं, की ऐकण्यातलं?"

मी पुन्हा एकपासून सुरू केलं. या वेळी दहापर्यंत.

मग मावशीच्या टेपने मापं घेतली. तो वळवळला म्हणून दोन-दोनदा. डावा वीस आणि वर तीन रेषा. उजवा एकोणीस आणि वर तीन. दोन्ही मी स्वतः मोजले.